ट्रिनिडाडमधल्या रिसेप्शनचं जेवण: वेगळा 'इंडियन काउंटर' लावू नका

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. लेकीचं लग्न ट्रिनिडाडच्या मुलाशी ठरलंय, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी चग्वानासजवळच्या हॉलमध्ये रिसेप्शन आहे, माणसं साधारण १८०, त्यातली २५ नाशिकहून येणार आणि त्यातले पंधरा-सोळा पक्के शाकाहारी. केटररने बावीस पदार्थांची यादी पाठवलीय त्यातली निम्मी नावं तुम्हाला कळत नाहीयेत, आणि घरातले म्हणतायत की एक वेगळा इंडियन काउंटर लावा, पनीर बटर मसाला, जीरा राइस, नान, विषय संपला.

मी पोर्ट ऑफ स्पेन आणि आसपास बरीच वर्षं केटरिंग केलंय, तिथल्या हिंदू घरांतली लग्नं भरपूर केलीत, म्हणून आधीच स्पष्ट सांगतो, तो इंडियन काउंटर लावू नका. एक तर तिथला केटरर पनीर बटर मसाला रोज करत नाही, म्हणजे तुमच्या पाहुण्यांना हजारो मैल उडून आल्यावर नाशिकच्या कुठल्याही हॉटेलात मिळतो त्यापेक्षा वाईट पनीर मिळणार. आणि दुसरं, जे जास्त महत्त्वाचं आहे, तिथलं शाकाहारी जेवण मुळातच आपल्या ताटाच्या जवळचं आहे. १८४५ ते १९१७ या काळात मळ्यांवर काम करायला करारावर जी माणसं तिथे नेली, ती बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, आणि त्यांच्या स्वयंपाकातनंच तिथलं लग्नाचं जेवण वाढलंय. त्यामुळे तुम्ही भारतीय आणि कॅरिबियन असे दोन कोपरे पाडलेत तर मुलाकडच्यांना ते जरा लागेल सुद्धा, कारण त्यांच्या दृष्टीने त्यांचं जेवण भारतीयच आहे.

आता ती नावं. डाळ म्हणजे तिथे पिवळ्या वाटाण्याची डाळ, तुरीची नाही, पण घोटून पातळ केलेली आणि वरनं जिरं-लसणाची फोडणी, आपले म्हातारे लोक आणि लहान मुलं डाळभात आनंदाने खातात, हे मी स्वतः बघितलंय. चना अँड आलू म्हणजे काबुली चणे-बटाट्याचा रस्सा. पम्पकिन म्हणजे लाल भोपळा लसूण आणि जिरं घालून इतका शिजवायचा की मोडून एकजीव होतो, थोडी साखर असते. बोडी म्हणजे चवळीच्या शेंगा. भागी म्हणजे डशीन नावाच्या अळूची पानं, नारळाच्या दुधात शिजवलेली. करी मँगो म्हणजे कैरी सालीकोयीसकट फोडी करून साखर आणि भाजलेल्या मसाल्यात शिजवलेली, मेथांबा आवडणारं कुणी असेल तर त्याला ही वाटी दोनदा लागेल (कैरीचा खरा भर मात्र फेब्रुवारीनंतरचा, तेव्हा मिळेल का ते केटररकडून आत्ताच वदवून घ्या). कुचेला हे कैरीच्या किसाचं मोहरीच्या तेलातलं लोणचं. आणि रोट्या दोन, धालपुरी म्हणजे आत शिजवलेल्या डाळीचं कोरडं सारण भरलेली मोठी पातळ रोटी, आणि बसअपशट म्हणजे भरपूर तूप-तेल लावून पदर सोडवलेला पराठा, जो तव्यावरच लाकडी उलथन्यांनी मारून मारून चिंध्या करतात.

हे सगळे पदार्थ सकाळच्या धार्मिक विधीनंतर सोहारी नावाच्या रोपाच्या मोठ्या पानावर हाताने खायचे असतात. तिथे बऱ्याच घरांत शिस्त अशी की विधीच्या दिवशी मांडवात मांस-दारू काहीही नाही आणि रिसेप्शन वेगळं ठेवायचं, कधी वेगळ्या दिवशी, त्यात बोकड, कोंबडी, बार सगळं. तुमच्याकडे दोन्ही एकाच दिवशी असेल तर दुपारी पानावर जे वाढलं तेच रात्री बुफेत आलं असं होऊ देऊ नका. दुपारी भोपळा-भागी-कैरी, रात्री चना-आलू, बोडी आणि एखादी वांग्याची भाजी, असं वाटून घ्या. डाळ-भात दोन्ही वेळा चालतो.

रात्रीच्या मेनूसाठी माझं मत विचाराल तर बावीस पदार्थ नकोतच. ३० डिग्रीच्या हवेत बुफेवर बावीस ट्रे मांडले की निम्मे कोमट होतात आणि लोक फिरून फिरून ताटात सगळ्याचा चमचा-चमचा घेऊन शेवटी टाकतात. मी दोन मांसाहारी, एक मासा, चार शाकाहारी, एक भात, एक रोटी, एक मॅकरोनी पाय आणि सॅलड-चटण्या एवढ्यावर थांबतो आणि उरलेला पैसा रोटी गरम मिळण्यावर आणि बर्फावर घालतो. हसू नका, लोक घरी जाऊन या दोनच गोष्टींबद्दल बोलतात.

रोटीचं सांगतो. बसअपशट तव्यावरनं उतरल्यावर पहिला अर्धा तास स्वर्ग, नंतर कूलरमध्ये फडक्यात गुंडाळून ठेवलेली असेल तर दीडेक तास बरी, त्यापुढे एक तर घाम येऊन गोळा होतो नाहीतर कडा वाळतात. बरेच केटरर रोटी स्वतः करत नाहीत, बाहेरच्या रोटीवाल्या बायकांकडनं दुपारी उचलतात आणि रात्री आठला वाढतात. तुम्ही विचारायचं की रोटी कोण करणार, किती वाजता, आणि हॉलच्या मागे दोन तवे लावून जागेवर करता येईल का. थोडे जास्त पैसे मागतील, द्या. त्यासाठी मॅकरोनी पाय सोडून दुसरा कुठलाही पदार्थ कापला तरी चालेल. मॅकरोनी पाय कापायचा नाही, ट्रिनिडाडी माणसाला तो लागतोच, चीजमध्ये भाजून चौकोनी वड्या पाडलेला असतो. फक्त त्यात बहुतेक वेळा अंडं असतं, ते तुमच्या शाकाहारी लोकांना आधी सांगा किंवा एक ट्रे बिनअंड्याचा करून घ्या.

अंड्यावरनं आठवलं, छुप्या मांसाची यादी करून ठेवा कारण घोळ तिथेच होतो, आणि कुणी मुद्दाम फसवत नसतं, त्यांच्या हिशोबात ती भाजीच असते. कॅलालू म्हणजे अळूची पानं, भेंडी आणि नारळाच्या दुधाचं घट्ट सार, दिसायला एकदम आपलं, पण त्यात खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी घालायची पद्धत आहे. राजम्यासारख्या लाल बीन्सच्या स्ट्यूमध्ये तीच शेपटी असू शकते. फ्राइड राइस आणि चाउमीन तिथल्या चिनी वस्तीमुळे प्रत्येक पार्टीत असतात, त्यात ऑयस्टर सॉस जातो. वूस्टरशायर सॉसमध्ये छोटे मासे असतात. पेलाव म्हणजे साखर जाळून त्यात कोंबडी परतून मग तांदूळ आणि तुरीचे दाणे घालून केलेला भात, तो शाकाहारी करायला सांगितला तर करतात, आणि फेब्रुवारीत ओले तुरीचे दाणे तिथे ताजे मिळतात, आपल्यासारखेच, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर भात म्हणून शाकाहारी पेलावच ठेवला असता आणि डाळीबरोबर खायला साधा भात थोडा. तिथे उकडा तांदूळ चालतो, हेही सांगून ठेवा म्हणजे भात जाड का म्हणून तक्रार नको.

शाकाहारींचा आकडा. तुम्ही सोळा धरलेत, मुलाकडच्यांनी दहा-बारा सांगितले असतील, आणि केटरर तीस जणांचं शाकाहारी करेल. असं अजिबात करू देऊ नका. पहिलं कारण म्हणजे महाशिवरात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि तिथले बरेच हिंदू पूजेच्या आधी काही दिवस मांस, मासे, अंडं, दारू सगळं सोडतात, त्याला ते फास्टिंग म्हणतात, उपाशी राहात नाहीत पण बोकडाला हात लावत नाहीत. तारीख शिवरात्रीच्या जवळ असेल तर हा आकडा पन्नास-साठवर सहज जातो. दुसरं कारण साधं आहे, चना-आलू आणि भोपळा मांसाहारी माणूसही वाढून घेतोच. त्यामुळे शाकाहारी भाज्या कायम पूर्ण १८० च्या हिशोबाने, मांस फक्त खाणाऱ्यांच्या हिशोबाने. आणि शाकाहारी टेबल लाइनच्या सुरुवातीला नाही तर वेगळ्या बाजूला, त्याचे चमचे वेगळे, आणि तिथे उभा राहणारा माणूस कशात काय आहे हे सांगू शकणारा पाहिजे.

प्रमाणं विचारली होतीत, मी धरतो ती अशी. समजा साठ शाकाहारी आणि १२० मांसाहारी. बोकड हाडासकट कच्चं माणशी २२५ ग्रॅम म्हणजे २७ किलो, कोंबडी हाडासकट २०० ग्रॅमने २४ किलो. काबुली चणे कोरडे माणशी ४० ग्रॅम म्हणजे सात-सव्वासात किलो, डाळ पाचेक किलो, भोपळा किंवा जी ओली भाजी असेल ती साफ न करता १८ किलो. तांदूळ माणशी ६० ग्रॅम, सगळा मिळून ११ किलो पुरतो कारण रोटी आहे. बसअपशट मोठी असते, भात असताना माणशी पाऊण पुरते, १८० ना १३५, आणि वर पंधरा, कारण टासा वाजवणारे, डीजे, फोटोवाले यांना जेवायला घालायचंच आहे आणि टासावाले दोन तास वाजवून आले की मोजून खात नाहीत. बोकडाबद्दल एक गोष्ट करारात लिहून घ्या, बोकड का मेंढी, ताजं का गोठवलेलं. भाव खाली आणायला आयातीचं गोठवलेलं मेंढीचं घातलं जातं आणि करी पावडरमध्ये ते पटकन ओळखू येत नाही, पण चरबी वर तरंगते.

करी पावडरवरनं नाशिककरांना एक सूचना द्यायला लागेल. तिथली करी म्हणजे हळद-धणे-जिरं-मेथीची पावडर पाण्यात कालवून गरम तेलात परतलेली, त्यात गरम मसाला नाही, काळा मसाला नाही, कांदा-खोबऱ्याचं वाटण नाही. तिखट भांड्यात फार नसतं, अख्खी स्कॉच बॉनेट मिरची रश्श्यात नुसती पोहत ठेवतात आणि फुटायच्या आत काढतात, खरं तिखट टेबलावरच्या पेपर सॉसमध्ये असतं. आपला काका 'हे काय सपक' म्हणत दोन चमचे ओततो आणि मग पुढचा अर्धा तास बोलत नाही, तेव्हा बाटलीजवळ छोटा चमचा ठेवा. कोथिंबिरीच्या जागी चॅडन बेनी नावाचा पाला वापरतात, लांब काटेरी पानांचा, वास कोथिंबिरीचाच पण दुपटीने उग्र.

सुरुवातीचे पदार्थ, ज्याला ते कटर्स म्हणतात, ते लोक पोचल्यापासून हातात मिळाले पाहिजेत. पत्रिकेवर पाच असेल तर हॉल साडेसहाला भरतो आणि जेवण आठच्या आत लागत नाही. फुलौरी (डाळीच्या पिठाची गोल भजी, चिंचेच्या चटणीबरोबर), सहीना, आणि छोट्या साइजचे डबल्स, एवढं शाकाहारी पुष्कळ झालं. सहीना जुन्या पद्धतीची सांगा, म्हणजे अळूच्या पानांना पीठ लावून गुंडाळी करून कापून तळलेली, तुमच्या सासूबाई ती बघून एकदम माणसात येतील. डबल्स म्हणजे दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (त्यांना 'बारा' म्हणतात) आणि मधे चणे, स्टँडवर उभं राहून खायचा पदार्थ, साडीवर सांडतो, म्हणून डबल्सची गाडी हॉलबाहेर उभी करा आणि भरपूर कागदी रुमाल. मांसाहारीत सॉल्टफिशची अक्रा, म्हणजे खारवलेल्या माशाची भजी, ठेवा. गीरा पोर्क, म्हणजे जिऱ्यातलं डुकराचं मटण, दारूबरोबर तिथे जीव की प्राण, पण मुलाच्या घरात मुस्लिम सुना-जावई किंवा सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट (एक ख्रिस्ती पंथ) कुणी आहेत का विचारा, दोघांनाही पोर्क नाही, आणि ॲडव्हेंटिस्ट लोक कोळंबी-खेकडाही खात नाहीत. हलाल कोंबडी तिथे सहज मिळते, सगळीच हलाल घेऊन टाका म्हणजे पाट्या लावायला नकोत. बीफचा प्रश्न हिंदू लग्नात येत नाही, पण हॉलच्या ठरीव पॅकेजमध्ये ते छापलेलं असतं, खोडा.

मासा मी का ठेवायला सांगितला, तर कार्निव्हल. कार्निव्हलचे सोमवार-मंगळवार झाले की ॲश वेन्सडेपासून लेंट, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू, आणि मुलाच्या कॅथलिक मित्रांपैकी काहींनी मांस सोडलेलं असेल. किंगफिश आपल्या सुरमईचाच भाऊबंद आहे, त्याचे तुकडे हिरव्या मसाल्यात मुरवून तळलेले सगळ्यांना चालतात. आणि तारीख कार्निव्हलच्या आधीच्या दोन आठवड्यांत पडत असेल तर आज संध्याकाळीच सगळं बुक करा, केटरर, तंबू, वेटर, जनरेटर, बर्फ, सगळे पार्ट्यांमध्ये अडकलेले असतात आणि हॉटेलच्या खोल्यांचे भाव तर विचारूच नका. जमत असेल तर तारीखच नंतरची घ्या, लेंटमध्ये दारू कमी उठते पण माणसं आणि सामान मिळतं.

एक राहिलं, 'कॅरिबियन मेनू' म्हणून केटरर जर्क चिकन (मसाल्यात मुरवून भाजलेली कोंबडी), फेस्टिव्हल (मक्याच्या पिठाचा गोडसर तळलेला पदार्थ), ॲकी (भाजीसारखं शिजवायचं फळ) असं काही दाखवत असेल तर ते जमैकाचं आहे. जमैकन लग्नात करी गोट, राइस अँड पीज आणि बोकडाच्या मुंडी-आतड्यांचं मॅनिश वॉटर नावाचं सूप असतं, गयानात हिंदू घरी सात भाज्या कमळासारख्या पानावर, बार्बाडोसला कूकू (मक्याच्या पिठाचा भेंडी घातलेला मऊ गोळा) आणि उडणारे मासे. सगळं चांगलं, पण मुलगा ट्रिनिडाडचा आहे, तिथल्या आजीला जर्क चिकन म्हणजे परकंच. पाहुण्यांना गंमत म्हणून एखादा पदार्थ ठेवा, मेनू त्यावर उभा करू नका.

बारचा हिशोब मी फार लांबवत नाही. ७५० मिलीच्या बाटलीत ४५ मिलीचे सोळा पेग. शंभर पिणारे, चार-चार पेग, त्यातली निम्मी रम धरली तर तेरा बाटल्या, बाकी स्कॉच आणि बिअर, स्कॉच तिथे लग्नात प्रतिष्ठेची गोष्ट असल्यामुळे मुलाच्या वडिलांना ब्रँड ठरवू द्या, तुम्ही त्यात पडू नका. नारळपाणी भरपूर सांगा, रम आणि स्कॉच दोन्हीत घालतात आणि न पिणाऱ्यांनाही होतं. बर्फ माणशी एक किलो, म्हणजे १८० किलो, पिण्याचा आणि बाटल्या गार करायचा वेगळ्या डब्यांत. न पिणाऱ्यांसाठी सॉरेल आहे, लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, आणि मॉबी, जे झाडाच्या सालीचं असतं आणि चांगलंच कडू लागतं. लाइम-बिटर्सच्या सोड्यात अंगोस्टुरा बिटर्सचे थेंब असतात, त्यात अल्कोहोल आहे, वारकरी मंडळी येणार असतील तर त्यांना सांगा. तुमच्याकडनं एखादी गोष्ट ठेवायचीच असेल तर सोलकढी ठेवा. आमसुलं बॅगेत नीट येतात, नारळ तिथे आहेच, फक्त दूध काढून लगेच बर्फावर आणि तासाभरात संपेल एवढीच, संपली की दुसरी.

केक म्हणजे ब्लॅक केक. मनुका, करंट, प्रून, चेरी वाटून रम आणि चेरी ब्रँडीत महिनोन्महिने भिजवतात, वर जाळलेल्या साखरेचा रंग. फेब्रुवारीच्या लग्नाची फळं आत्ताच भिजत असायला पाहिजेत, बेकरला तेवढं एक विचारा, त्याच्या उत्तरावरनं बेकर कळतो. यात अंडं आणि दारू दोन्ही आहे, त्यामुळे शाकाहारी लोकांसाठी कुरमा (आपल्या शंकरपाळ्यांसारखा, वर साखरेचा पाक वाळलेला), बर्फी आणि स्वीट राइस म्हणजे तांदळाची खीर, बास. डेझर्टचा मोठा काउंटर नको. त्यापेक्षा अकराच्या सुमाराला कॉर्न सूप काढा, मका, वाटाण्याची डाळ आणि छोटे पिठाचे गोळे, नाचून दमलेल्या माणसाला त्यासारखं दुसरं काही नाही. इथेही शेपटी घालू नका असं सांगायचं.

चाखायला जाल तेव्हा रिकाम्या किचनमधली ताजी वाटी चाखून काही कळत नाही. केटररला सांगा की तुमच्याच एखाद्या चालू कार्यक्रमातला बुफे लागल्यावर तासाभराने खाऊ द्या. गरम पदार्थ ६० डिग्रीच्या वर आणि गार ५ च्या खाली राहिले पाहिजेत, थर्मामीटर आहे का विचारा, आणि भात शिजवून दुपारभर बाहेर ठेवणार असेल तर तिथेच नाही म्हणा. तुम्ही नाशिकमध्ये असल्यामुळे हे काम मुलाच्या आईकडे द्या, त्यांना कुठला केटरर कसा हे गावातनंच माहीत असतं, तुम्ही फक्त शाकाहारींची यादी आणि वर लिहिलेली छुप्या मांसाची यादी पाठवा, फोनवर नको, लिहून.

उरलेलं जेवण पाहुण्यांना बांधून द्यायची तिथे पद्धत आहे, कुणी मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका, उलट शंभरेक डबे केटररच्या बिलात आधीच घालून घ्या. चना, रोटी, केक द्या. भागी, कॅलालू, खीर असं नारळाचं-दुधाचं आणि चार तास बुफेवर बसलेला भात हे डब्यात जाऊ देऊ नका, त्यासाठी तिथे एक माणूस उभा करा.